झाकली मूठ

खारबाव गावात दोन भावांचं एक घर होतं. दिवा-वसई रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. पुढे ओटी, मागे परसात शेवगा, आणि त्यापलीकडे भाताची खाचरं. भिवंडीच्या चहूबाजूंनी गोदामं उठली तशी आसपासची बरीच शेती विकली गेली, पण या भावांनी दीड एकर राखून ठेवली होती. थोरल्याला सगळं गाव दादूस म्हणायचं. घरात शब्द त्यांचाच चाले. धाकटा मानकोलीकडच्या एका गोदामात रात्रपाळीला जायचा आणि घरात काय ठरलं ते सकाळी चहा पिताना ऐकायचा.

दादूस मनाने वाईट नव्हते. स्वतःला मूलबाळ नव्हतं, भावाच्या दोन्ही मुली त्यांनी खांद्यावर बसवून वाढवल्या. पण एका म्हणीवर त्यांचा फार भरवसा होता. गुंठ्याचा भाव असो, सोसायटीचं कर्ज असो की भाऊबंदकीची कुरबुर असो, ते तंबाखू मळता मळता म्हणायचे, "झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली की तिची किंमत लोक ठरवतात."

धाकट्याच्या बायकोच्या छातीत गाठ निघाली, तेव्हाही घरात हीच म्हण लागू झाली.

गाठ कॅन्सरची होती. परळच्या टाटा हॉस्पिटलात ऑपरेशन झालं आणि केमोथेरपी सुरू झाली. गावात मात्र सांगितलं गेलं की पित्ताचे खडे काढले. केस गेले तेव्हा सांगितलं, तिरुपतीचा नवस होता. थोरल्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालली होती. दादूस म्हणाले, "आयशीला असला आजार म्हटला की माणसं मागे सरतात. उद्या विचारतील, पोरीला झाला तर? लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू."

घरातल्या कुणालाच हे पुरतं पटलं नव्हतं, पण विरोधही कुणी केला नाही. दोन घरं पलीकडे आशाताई राहायच्या. गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं काम करत त्या घरोघर फिरायच्या. कुणाला खोकला किती दिवसांचा, कुणाची सोनोग्राफी राहिली, हे सगळं त्यांच्या वहीत असे. या घराच्या पायरीवर त्या आल्या की मुली म्हणायच्या, "आई झोपली आहे." आशाताई निघून जायच्या. पण जाता जाता त्यांची नजर दोरीवर वाळणाऱ्या डोक्याच्या रुमालांवर थांबायची.

केमोला आईबरोबर धाकटी मुलगी जायची. ती भिवंडीत बारावी करून कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला होती. या मार्गावर गाड्या मोजक्या, म्हणून भल्या पहाटे निघायचं. खारबावहून दिवा, दिव्याहून लोकलने परळ. १९४१ साली सुरू झालेल्या त्या हॉस्पिटलात सगळ्या देशातून माणसं येतात. नंबर लागेपर्यंत कुणी बिहारचं, कुणी बंगालचं, कुणी लातूरचं शेजारी बसलेलं असे. धाकटीला तिथे एक नवल वाटायचं. तिथे कुणीच काही झाकत नव्हतं. अनोळखी बाया एकमेकींना गाठ कुठली, कितवी केमो, उलट्या किती, सगळं सांगत बसायच्या. आईही तिथे मोकळी बोलायची. गाडी परतून खारबावच्या फलाटाला लागली की ती पदर डोक्यावर ओढून घ्यायची.

पहिल्या केमोच्या वेळी एका सिस्टरने दोघींना समोर बसवून समजावलं होतं. केमोचं औषध कॅन्सरच्या पेशी मारतं, पण त्याच झपाट्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशीही मारतं. या पेशी म्हणजे शेतातला राखणदार. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात राखणदारच जागेवर नसतो. एरवी जो जंतू शिंकेवर निभावला असता, तो या दिवसांत थेट रक्तात शिरतो. शरीराकडे लढायला फौज नसते, त्यामुळे पू होत नाही, सूज दिसत नाही, कधी खोकलाही येत नाही. ताप हीच काय ती एकुलती एक खूण.

"म्हणून ताप आला तर वाट बघायची नाही," सिस्टर म्हणाल्या होत्या. "थर्मामीटर घरात ठेवा. १००.४ किंवा वर गेला की लगेच फोन, लगेच हॉस्पिटल. इथे पोचायला वेळ लागणार असेल तर जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. दारात पाय टाकल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. आणि तापाची गोळी आधी देऊन बसू नका. गोळीने पारा खाली येतो, जंतू तिथेच राहतो."

धाकटीने हे सगळं हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतलं. खाली सिस्टरने सांगितलेल्या आणखी खुणा ओळीने लिहिल्या. थंडी वाजून हुडहुडी भरणं, मग ताप असो वा नसो. दम लागणं. पाणीही पोटात न ठरणं. कुठूनही न थांबणारं रक्त. तोंडावर आणि मानेवर अचानक सूज. पाठ दुखून पायांतलं बळ जाणं किंवा लघवी अडणं. भलतंसलतं बरळणं. शेवटी लाल पेनाने चौकट केली आणि आत लिहिलं, 'यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही.' ते पान फाडून तिने फाईलच्या प्लॅस्टिकच्या खिशात सारलं. पाठीमागे एका कागदावर आईचं नाव, आजार, कोणती केमो, शेवटची तारीख, कोणत्या औषधाची ॲलर्जी आणि वॉर्डाचा फोन नंबर लिहिला. मग सगळी फाईल एका निळ्या पिशवीत घालून कपाटात लुगड्यांच्या घडीखाली दडवली. कारण मूठ झाकलेली ठेवायची होती.

तिसरी केमो झाली. श्रावण लागला होता. नारळी पुनवेला मुलाकडची माणसं येणार असं ठरलं. पुनवेच्या आदल्या संध्याकाळी घरात करंज्यांचा घाट घातला होता. आई विळीवर नारळ खवत बसली होती, आणि खवता खवता तिचा हात थांबला. धाकटीने कपाळाला हात लावला आणि थर्मामीटर आणलं. १००.८. केमोला दहावा दिवस होता.

"मोठे बाबा, निघायला पाहिजे," ती म्हणाली.

दादूस ओटीवर करंजी खात होते. अलीकडे ते करंजी मोडून, बारीक तुकडा करून तोंडात घालायचे. रश्शात पाणी ओतायचे, भाकरी कुस्करून घ्यायचे. घरात सगळ्यांना वाटायचं, वय झालं. ते म्हणाले, "पावसापान्याचा ताप येतोच. गोळी दे. आज रातीला गाडी दारात लागली तर गाव गोला होईल, आणि उद्या माणसं येनार. सकाली बगू."

आईनेही मान हलवली. "मना काय झाला नाय गो. दे गोळी."

गोळी दिली. तासाभरात घाम फुटून पारा अठ्ठ्याण्णवावर आला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. धाकटीनेही सोडला, कारण तिला तो सोडावासा वाटत होता. ताप उतरला होता, दुखणं उतरलं नव्हतं.

रात्री एकच्या सुमाराला आईचे दात वाजू लागले. दोन गोधड्या घातल्या, तरी खाट हलत होती. धाकटीने कपाट उघडलं, लुगडी जमिनीवर फेकली आणि निळी पिशवी काढली. या वेळी तिने विचारलं नाही. शेजारच्या चुलतभावाला उठवून त्याची इको गाडी काढायला लावली. दादूसही बरोबर निघाले. बाहेर मुसळधार. रस्त्यावर खड्डे, आणि खड्ड्यांतून डुलत जाणारे कंटेनर. अंजूरफाटा यायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला.

भिवंडीतल्या एका हॉस्पिटलात पोचले तेव्हा अपघात विभागाचे बाक भरलेले होते. पावसाळ्यात या भागात मलेरिया, डेंगी, लेप्टो यांचे तापकरी रोजच येतात, आणि त्या रात्री सगळेच आले असावेत असं वाटत होतं. खिडकीतल्या माणसाने कागद पुढे ओढला.

"काय होतंय?"

दादूस पुढे झाले. "ताप हाय. पावसात भिजली."

"शुगर? बीपी? दुसरा काही आजार?"

दादूसांनी मागे वळून बाकाकडे पाहिलं. तिथे मुलाच्या गावची एक बाई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. ओळखीने ती हसली. दादूस खिडकीकडे वळले आणि म्हणाले, "काय नाय. मागे पित्ताचा ऑपरेशन झालता, तेवढाच."

खिडकीतल्या माणसाने जे ऐकलं ते लिहिलं. सिस्टरने ताप पाहिला. घरून निघताना आईला पुन्हा एक गोळी दिली गेली होती, त्यामुळे पारा नव्व्याण्णवावर. "बसा, नंबर येईल." समोर झटके येणारं एक लहान मूल होतं, रक्ताच्या उलट्या करणारा एक म्हातारा होता. कागदावर जे लिहिलेलं होतं त्या हिशेबाने ही बाई थांबू शकत होती. चूक खिडकीत झाली नव्हती. खिडकीला खोटं सांगितलं गेलं होतं.

अर्धा तास गेला. धाकटी आईचा हात धरून बसली होती. हात आधी तापलेला होता, आता थंड आणि ओलसर लागत होता. आईने डोळे उघडले, ट्यूबलाइटच्या रांगेकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "गाडी चुकली काय गो?"

तिला वाटत होतं आपण दिव्याच्या फलाटावर आहोत.

'भलतंसलतं बरळणं' ही ओळ धाकटीच्या डोळ्यांपुढे आली, स्वतःच्याच अक्षरात. ती उठली. दादूसांनी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला, खिडकीशी गेली आणि निळी पिशवी त्या माणसासमोर ठेवली. सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "माझ्या आईला कॅन्सर आहे. टाटामध्ये केमो चालू आहे. आज दहावा दिवस आहे. संध्याकाळी ताप १००.८ होता, गोळी दिल्याने उतरलाय. आता ती बरळायला लागली आहे. ही फाईल."

बाकावरची कुजबुज थांबली. मुलाच्या गावची बाई हिच्याकडे बघत राहिली. पण आतल्या पडद्यामागून एक तरुण डॉक्टर जवळजवळ धावतच बाहेर आले. त्यांनी फाईल मागितली नाही, आधी स्ट्रेचर मागितलं.

पुढचं सगळं झपाझप झालं. ब्लड प्रेशर वरचं ८०. दोन हातांतून रक्त घेतलं, काही बाटल्या जंतू शोधायला आणि एक नळी पेशी मोजायला. सलाईन जोरात सोडलं. रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक शिरेतून सुरू झालं. डॉक्टरांनी धाकटीच्या कागदावरचा नंबर लावून परळला फोन केला, कोणती औषधं चालू आहेत ते विचारून घेतलं आणि पुढचं ठरवलं. बाकांवर दाटीवाटीने तापकरी होते म्हणून आईला कडेच्या खोलीत एकटीला ठेवलं. पेशींचा रिपोर्ट पहाटे आला. जंतूंशी लढणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी दीड हजारांच्या वर असायला हव्यात, त्या दोनशे होत्या.

पहाटे ब्लड प्रेशर सावरलं. डॉक्टर बाहेर येऊन दादूसांच्या शेजारी बाकावर बसले. ते रागावले नाहीत. त्यामुळे दादूसांना जास्त जड गेलं.

"काका, रात्री दोन वाजता आमच्यासमोर जो पेशंट येतो त्याचं आम्हाला काहीही माहीत नसतं," डॉक्टर म्हणाले. "टाटाचे डॉक्टर टाटात. तुमची सगळी माहिती त्यांच्याकडे. इथे माझ्यापाशी फक्त तुम्ही सांगाल तेवढंच. आज पन्नास तापाचे पेशंट आले. एकोणपन्नास जणांना थांबवलं तर चाललं असतं. ही एक नव्हती. पण ही कोणती, हे तिच्या कपाळावर लिहिलेलं नसतं."

दादूस खाली बघत होते.

"आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका," डॉक्टर पुढे म्हणाले. "इंग्लंडमध्ये केमोनंतर महिन्याभरात दगावलेल्या पेशंटांची मोठी तपासणी झाली होती. २००८ साली तिचा अहवाल आला. बरेचसे पेशंट अडचणीच्या वेळी नेहमीच्या कॅन्सर डॉक्टरकडे गेलेच नव्हते, जवळच्या हॉस्पिटलात साध्या वॉर्डात भरती झाले होते. कुणी ताप येऊनही घरी थांबले होते. त्यानंतर तिथे नियमच केला. ज्या हॉस्पिटलात इमर्जन्सी विभाग आहे तिथे अशा पेशंटांसाठी वेगळी टीम. केमो घेणाऱ्याच्या खिशात एक कार्ड, आणि दिवसरात्र चालणारा फोन. कार्ड दाखवलं की रांग नाही. तुमच्या पोरीने काल जो कागद दिला ना, ते तेच कार्ड आहे. तिने घरी बसून वहीच्या पानावर बनवलं."

थोडं थांबून त्यांनी आणखी एक सांगितलं. "मुलीच्या लग्नाची काळजी म्हणून लपवलंत, ते कळलं मला. पण स्तनाच्या कॅन्सरमध्ये आईकडून मुलीकडे जीन्समधून येणारा फार थोडा, शंभरात पाच-दहा. बाकीच्यांत तसा थेट वारसा सापडत नाही. आणि ज्या घरात तसा असेल, तिथे तर सांगणंच बरं. सांगितलं तर मुलीची वेळेवर तपासणी होईल."

दुपारी रुग्णवाहिकेने आईला परळला हलवलं. कशेळीचा पूल, माजिवडा, मग सरळ हमरस्ता. दादूस ड्रायव्हरशेजारी बसून होते. आठवड्याने आई घरी आली. पुढच्या केमोचे डोस डॉक्टरांनी थोडे बदलले, आणि पेशी वाढवायची इंजेक्शनं लिहून दिली.

पुनवेला मुलाकडची माणसं अर्थातच आली नाहीत. बातमी त्यांच्या गावात त्याच पहाटे पोचली होती. दादूस रोज ओटीवर बसून रस्त्याकडे बघायचे. दोन आठवड्यांनी मुलाचे आजोबा एकटेच आले. आईची चौकशी केली, चहा घेतला, आणि मग दादूसांकडे वळून म्हणाले, "आजाराचा कनाला काय वाटनार? आमचे घरात पन बहिनीला झालता. पन तुमी पित्ताचा सांगितलात, त्याचा वाईट वाटला. सोयरे व्हायच्या आधीच तुमी आमाला परके धरलात."

दादूसांना उत्तर सुचलं नाही. ज्या गोष्टीने सोयरीक मोडेल म्हणून मूठ झाकली, ती गोष्ट त्या माणसाने आधीच पचवलेली होती. मोडायला निघाली होती ती झाकल्यामुळे. त्यांनी हात जोडले. बोलणी पुढे गेली, पण मुलीने अट घातली की लग्नाची तारीख आईची शेवटची केमो झाल्यावरच धरायची. मुलाकडच्यांनी ती आनंदाने मान्य केली.

आता या घरात आशाताई पायरीवर थांबत नव्हत्या, आत येऊन पाटावर बसत होत्या. पुढच्या केमोआधी त्यांनी धाकटीबरोबर बसून सगळं ठरवून ठेवलं. निळी पिशवी कपाटातून निघून दाराशी खुंटीला लागली. १०८ ला फोन कोण लावणार, ती गाडी यायला वेळ लागला तर कोणाची गाडी, चुलतभाऊ नसला तर दुसरा कोण, बाबा रात्रपाळीला असले तर गोदामाच्या गेटवरचा नंबर कोणता, हे सगळं त्याच पानावर आलं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनाही सांगून ठेवलं की या घरात केमो चालू आहे. चौथ्या केमोनंतर आईला पुन्हा एकदा ताप आला, १००.६. रात्रीचे साडेदहा झाले होते. अकराच्या आत गाडी गावाबाहेर होती, आणि खिडकीतल्या माणसाने काही विचारण्याआधी दादूस स्वतः म्हणाले, "कॅन्सर हाय. केमो चालू हाय. आज नववा दिवस." दहा मिनिटांत सुई लागली. या वेळी ब्लड प्रेशर पडलं नाही, आईने स्टेशनाचं नाव काढलं नाही, आणि चार दिवसांत ती घरी आली. ताप तोच होता, माणूस तोच होता. फरक एवढाच की या वेळी वेळ वाया गेला नाही.

एका संध्याकाळी आशाताई निघायला उठल्या, तेव्हा दादूस म्हणाले, "ताई, जरा थांबा." त्यांनी तंबाखूची डबी ओटीवर ठेवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझा तोंड उघडत नाय."

घरातली सगळी माणसं त्यांच्याकडे बघू लागली. मोडून खाल्लेल्या करंज्या, रश्शातलं पाणी, कुस्करलेली भाकरी, सगळ्यांनी पाहिलं होतं आणि कुणीच पाहिलं नव्हतं. आशाताईंनी त्यांना उजेडात बसवलं आणि म्हणाल्या, "स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघा." निरोगी तोंडात तीन बोटं जातात. दादूसांची दोनच गेली. आत गालाला पांढरट, चरबट चट्टा होता. वर्ष होऊन गेलं होतं. तिखट लागलं की आग व्हायची. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि दादूस गुटख्याला कधी शिवले नाहीत, पण सुपारी आणि चुना-तंबाखूची गोळी गालात तिथेच ठेवायची, हे तीस वर्षं चाललं होतं.

"मना भ्या वाटत होता," ते म्हणाले. "आदीच घरात एक..."

आरोग्य केंद्रातून ठाण्याला, ठाण्याहून तपासणीला. तुकडा काढून पाहिला. कॅन्सर अजून झालेला नव्हता. त्याच्या आधीची पायरी होती. डॉक्टरांनी तंबाखू-सुपारी त्याच दिवशी बंद करायला लावली, तोंडाचे व्यायाम दिले, दर तीन महिन्यांनी दाखवायला सांगितलं. निघताना त्यांनी दादूसांना सांगितलं ते दादूस पुढे गावात सगळ्यांना सांगत राहिले. कॅन्सरचे कितीतरी रोगी पहिल्यांदा डॉक्टरसमोर येतात तेच अपघात विभागात. गिळता येईना, श्वास अडकला किंवा रक्त थांबेना, असं झाल्यावर. तपासणीच्या सोयी असलेल्या इंग्लंडातसुद्धा साधारण पाचातल्या एकाचा आजार असा अवचित उघडकीला येतो. रात्रीची धावपळ त्या रात्री सुरू होत नाही. ती वर्षभर आधी, चट्टा आरशात दिसला आणि माणसाने तोंड मिटून घेतलं, तेव्हा सुरू झालेली असते.

वैशाखात थोरलीचं लग्न झालं. आईच्या डोक्यावर तोवर बोटभर केस आले होते. तिने रुमाल बांधला नाही.

गावात कुणाच्या घरी टाटाची फाईल आली असं कळलं की दादूस आता स्वतः उठून त्या घरी जातात. पैशाचं विचारत नाहीत, आजार कसा झाला ते विचारत नाहीत. तीन गोष्टी विचारतात. घरात थर्मामीटर आहे का? फाईल कुठे ठेवली आहे, आणि ती घरातल्या सगळ्यांना माहीत आहे का? रात्री निघायचं झालं तर गाडी कोणाची? या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय ते उठत नाहीत. कुणी म्हणालं, "दादूस, हळू बोला, शेजारी ऐकतील," तर ते म्हणतात, "ऐकू दे. रातीला हाक मारलीस तर तोच येनार हाय."

तात्पर्य : गुंठ्याचा भाव झाकावा, घरातली कुरबुर झाकावी, तिथे ती म्हण खरी आहे. पण आजार झाकला की तो आत वाढत राहतो आणि मदत दाराबाहेर थांबते. ज्या माणसाला वाचवायचं आहे त्याच्याबद्दलचं खरं सर्वांत आधी आणि मोठ्याने सांगावं, आणि रात्रीच्या संकटाची तयारी दिवसाच करून ठेवावी.